अहवालात जीव अडकलेलं भूत

आपल्याकडे भूत व्हायला कारण लागतं. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तर मुंजा, पुरलेल्या धनात जीव अडकला तर समंध. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मॉन्ट्रोज गावाबाहेरच्या जुन्या विमानतळावर जे भूत फिरतं म्हणतात, त्याचा जीव अडकला होता एका सरकारी अहवालात.

२६ फेब्रुवारी १९१३ रोजी रॉयल फ्लाइंग कोअरच्या दुसऱ्या स्क्वाड्रनची विमानं मॉन्ट्रोजजवळ अपर डायसार्ट नावाच्या शेतावर उतरली. ब्रिटनमधला लष्करी विमानांचा हा पहिला कार्यरत तळ. तीन महिन्यांनी, २७ मेच्या सकाळी, आयरिश लेफ्टनंट डेस्मंड आर्थर यांच्या बीई-२ विमानाचा उजवा पंख हवेतच दुमडला आणि ते बाहेर फेकले गेले. वैमानिकाला पॅराशूट देण्याची पद्धत तेव्हा नव्हतीच. रॉयल एरो क्लबच्या समितीने अवशेष तपासले. पंखाच्या आतला लाकडी दांडा आधी कधीतरी मोडला होता, कुणीतरी तो कसाबसा सांधला होता आणि वर नवं कापड ताणून सांधा झाकून टाकला होता. तो हात कुणाचा, हे कधीच बाहेर आलं नाही.

इथवर भूत नाही, नुसता अन्याय आहे.

मार्च १९१६ मध्ये पेम्बर्टन बिलिंग या खासदाराने पार्लमेंटात आरोप केला, की सदोष विमानं देऊन आपल्याच वैमानिकांचे खून पाडले जात आहेत. न्यायमूर्ती बेलहॅश यांची समिती बसली. ऑगस्टमधल्या तिच्या अंतरिम अहवालाने झाकलेल्या सांध्याची गोष्ट अमान्य केली. म्हणजे ठपका फिरून मेलेल्या माणसावरच. आणि त्याच शरद ऋतूत, कथा सांगते, मेजर सिरिल फॉगिन यांना उड्डाणाच्या पोशाखातला एक माणूस मेसकडे जाताना दिसला आणि दारापाशी पोचण्याआधीच विरून गेला. दुसऱ्या एका अधिकाऱ्याला रात्री जाग आली तर शेकोटीजवळच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. वर्ष संपता संपता अंतिम अहवालाने सूर बदलला, जानेवारी १९१७ नंतर भूत दिसेनासं झालं.

इतकं वक्तशीर भूत पाहिलं की सांगणाऱ्याकडे बघावंसं वाटतं. ही हकिगत छापून गाजवली ‘द एरोप्लेन’ साप्ताहिकाचे संपादक सी. जी. ग्रे यांनी, १९२० मध्ये. बीई-२ ज्याच्या आराखड्यावरून बनलं त्या सरकारी विमान कारखान्यावर ग्रे यांचा राग जुना आणि जाहीर होता. त्यांनी हे रचलं, असं मी म्हणत नाही. मेसमध्ये कुजबुज असेलही. महायुद्धातला तळ, रोज कुणीतरी परत न येणारा. पण कुजबुजीला तारखांच्या खुंट्यांवर नीट टांगायला संपादकाचाच हात लागतो.

शिवाय एक अडचण आहे, आणि ती मला फार आवडते. आर्थर गेले तेव्हा स्क्वाड्रन अपर डायसार्टला होतं. भूत दिसलं ब्रूमफील्डला, जिथे तळ आर्थर गेल्यानंतर हलला. ज्या मेसमध्ये ते कधी राहिलेच नाहीत, तिचा पत्ता त्यांना दिला कुणी? भुताने मुक्काम सोडला नाही. मुक्काम हलला तेव्हा गोष्टच सामानाबरोबर नव्या जागी आली.

एकदा आली ती तिथलीच झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रूमफील्डवर वैमानिकांचं प्रशिक्षण चाले. १९४० मधली म्हणून एक गोष्ट सांगतात: रात्री उतरू पाहणारं हरिकेन विमान ऐन वेळी पुन्हा वर गेलं, कारण वैमानिकाच्या म्हणण्याप्रमाणे एक दुपंखी विमान आडवं आलं होतं. खाली कुणालाच ते दिसलं नव्हतं.

आता तिथे संग्रहालय आहे, आणि आर्थर गावातल्या स्लीपीहिलॉक दफनभूमीत आहेत. काही वर्षांपूर्वी संग्रहालयातला युद्धकाळातला रेडिओ, वीज जोडलेली नसताना, चर्चिलची भाषणं आणि ग्लेन मिलरचा वाद्यवृंद ऐकवतो अशी बातमी आली. बोट अर्थात जुन्या भुताकडेही वळलं. आर्थर गेले तेव्हा ग्लेन मिलर नऊ वर्षांचा होता.