सुरतेचा किशोर वाचक : ग्रंथालयाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा स्थापनेचे साल, देणगीदारांची नावे आणि ग्रंथसंख्या यांची नोंद करून थांबतो. त्या ग्रंथांपुढे कोण बसले आणि कोण दाराशीच घुटमळले, याचा विचार क्वचितच होतो. असा विचार करू लागल्यास तेरा ते अठरा वर्षे वयाचा वाचक या इतिहासात जवळजवळ दिसतच नाही, असे आढळते. बालकांसाठी चित्रांचा कोपरा असतो, प्रौढांसाठी वृत्तपत्रांचे दालन असते. मधल्या वयाच्या वाचकास मात्र स्वतःची अशी जागा नसते. सुरत शहराच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्यास विशेष कारण आहे. कारण तेथील ज्ञानप्रसाराच्या आरंभाशी एका मराठी विद्वानाचा निकट संबंध आहे.

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. गुजराती शाळेचे शिक्षक दुर्गाराम मेहताजी हे त्यांचे सहकारी. या मंडळींच्या प्रयत्नांतून १८४२ साली पुस्तक प्रसारक मंडळी आणि २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. पुस्तकांचा प्रसार आणि त्या पुस्तकांतील विचारांची मोकळी चर्चा ही दोन कार्ये येथे हातात हात घालून चालली, आणि ती चालविणारे शाळामास्तर होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सभा स्थापन झाली तेव्हा महिपतराम रूपराम चौदा वर्षांचे, नर्मदाशंकर दहा वर्षांचे आणि ‘करण घेलो’कार नंदशंकर नऊ वर्षांचे होते. तिघेही सुरतेचे. सभेचा त्यांच्यावर नेमका किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही. परंतु ज्या नगरात त्यांचे कुमारवय गेले तेथे वाद आणि वाचन ही उघड्यावर आलेली होती. पुढे दुर्गारामांचे चरित्र लिहिले ते महिपतरामांनीच.

दादोबा मुंबईस परतल्यावर सभेचे कार्य ओसरत गेले. १८५० साली सुरतेत अँड्र्यूज ग्रंथालय निघाले. त्या काळातील अशी ग्रंथालये बहुधा वर्गणीदारांच्या आश्रयावर चालत, आणि वर्गणीदार म्हणजे मिळवता पुरुष. विद्यार्थ्याला आपली सोय आपणच करावी लागे. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपली साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली ती याच गरजेतून. त्याच वातावरणात सतरा-अठरा वर्षांच्या नर्मदाशंकराने मंडळी स्थापन केल्याने होणाऱ्या लाभांवर भाषण केले, आणि गुजराती गद्याच्या आरंभीच्या निबंधांत त्याची गणना होते. गुजरातीच्या आद्य निबंधांपैकी एक अशा प्रकारे एका किशोराने, किशोरांना एकत्र बसण्यास जागा हवी या विषयावर रचला.

यानंतरचा धडा सुरतेच्या वेशीबाहेरचा आहे. सुरत ब्रिटिश अमलाखाली, तर शेजारचे कामरेज आणि नवसारी बडोदे संस्थानात. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेले मूल वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून त्यापाठोपाठ ग्रंथालयांची योजना आली : खर्चाचा एक तृतीयांश लोकांनी, एक तृतीयांश पंचायतींनी आणि तेवढाच सरकारने उचलावा. १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या पश्चात जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ही धुरा वाहिली. मुलांसाठी स्वतंत्र दालन, फिरत्या पेट्या, मराठी व गुजराती या दोन्ही भाषांतील बालज्ञानमाला ही या चळवळीची फळे होत. मोतीभाई अमीन या शिक्षकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून मित्रमंडळ वाचनालये काढली. तीत किशोर हा केवळ वाचक राहिला नाही, तो वाचनालयाचा कार्यकर्ता झाला. काही कोसांवरच्या सुरतेला मात्र ही योजना लागू नव्हती.

अमेरिकेतही स्वतंत्र किशोर विभाग सहजी आला नाही. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९१९ पासून मेबल विल्यम्स यांनी शाळांशी जोडलेले कार्य उभारले. क्लीव्हलंड येथे १९२५ साली तरुण वाचकांसाठी वेगळे दालन उघडले. १९४१ साली न्यू यॉर्कमध्ये एक संपूर्ण शाखाच त्यांच्यासाठी राखण्यात आली. मार्गारेट स्कॉगिन यांच्या देखरेखीखालील त्या शाखेत मुलेच पुस्तकांवर अभिप्राय लिहीत. अमीनांनी शिक्षकाच्या अनुभवातून जे जाणले होते, तेच तेथे शास्त्र म्हणून मान्य झाले.

आज सुरत महानगरपालिकेचे मध्यवर्ती ग्रंथालय नर्मदाच्या नावाने ओळखले जाते, आणि १९६० साली मुंबई राज्यातून वेगळ्या झालेल्या गुजरातेत २००१ साली ग्रंथालय कायदाही झाला. शहरोशहरीच्या अभ्यासिका तरुणांनी भरलेल्या दिसतात. परंतु स्वतःची क्रमिक पुस्तके घेऊन स्पर्धा परीक्षेसाठी बसणे हा जागेचा उपयोग झाला. ग्रंथालयाची सेवा ती नव्हे. तेथे बोलण्यास मनाई असते, आणि नर्मदाने ज्या मंडळीची महती गायिली ती तर बोलण्यावाचून संभवत नाही.

यात मराठी भाषकांचा प्रश्न अधिक बिकट आहे. कापडाच्या व्यवसायानिमित्त खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे लिंबायत, उधना या भागांत स्थिरावली आहेत, आणि महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी यांतील अनेक मुले मराठी वाचनाच्या उंबरठ्यावर असतात. त्या वेळी हाती योग्य पुस्तक पडले नाही, तर घरात बोलली जाणारी भाषा वाचनाची भाषा म्हणून संपते. एका पिढीत तुटलेला हा धागा पुढच्या पिढीस जोडता येणे कठीण.

यास मोठी इमारत लागत नाही. शाळेजवळच्या शाखेत मराठी कुमारवाङ्मयाचे एक कपाट, आठवड्यातून एक सायंकाळ बोलण्याची मुभा, आणि पुस्तकांच्या निवडीत मुलामुलींचा अधिकार, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. हे काम हाती घेण्यास शिक्षकच सर्वांत योग्य आहेत. सुरतेत १८४२ साली ते शिक्षकांनीच केले होते, आणि त्यांतील एकाची भाषा मराठी होती.