पगार 'झाला', पण केला कोणी?

मागच्या महिन्यात गावी, मुकुटबनला गेलो होतो. चहाच्या टपरीवर जुना वर्गमित्र भेटला. बाहेरगावी एका ठेकेदाराकडे कामाला आहे. "कसं काय भाऊ?" विचारलं, तर म्हणाला, "दोन महिने झाले, पगार नाही झाला ना बे." त्याच्या काळजीसोबत तो 'झाला'ही माझ्या डोक्यात राहिला.

'पगार' आपल्याला घरचाच वाटतो, पण तो आलाय पोर्तुगीजमधून. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्याकडे होती. या सहवासात चावी, पाव, बटाटा हे शब्दही मराठीत आले. ती तिकडेही नामं होती, इकडेही नामंच राहिली. 'पगार'ची गोष्ट वेगळी. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे: पैसे देणं, हिशोब चुकता करणं. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणं. ज्याचं देणं बाकी, त्याचा जीव शांत करायचा! इंग्रजी 'पे'सुद्धा फ्रेंचमार्गे त्याच मुळातून आलं. म्हणजे 'पे स्लिप' आणि 'पगार' चुलतभावंडं.

मराठीनं या क्रियापदाचं नाम केलं आणि त्याला पुल्लिंग दिलं. तो पगार, दोन पगार, पगाराला, पगारातून. 'कागद' जसा चालतो, तसाच. मग बिनपगारी रजा आली. 'पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था' ही पाटी तुम्ही पाहिलीच असेल. तिथे पोर्तुगीज शब्दाला फारसी 'दार' जोडलाय!

आमच्या भागात या शब्दाला वजन आहे. मजुराला मिळते ती रोजी, शेतकऱ्याला मिळतो तो कापसाचा चुकारा. तेलंगणाची सीमा जवळच, तिकडे तेलुगूत पगाराला म्हणतात 'जीतम'. पण सोयरीक जुळवताना प्रश्न एकच, "पोरगा पगारी आहे का?" महिन्याच्या महिन्याला पैसा येणार, म्हणजे घराचा जीव शांत. लॅटिन अर्थ इथे बरोबर जुळतो.

पण एक गोष्ट निसटली. क्रियापद म्हटलं की देणारा कोण, हे आलंच. नाम झाल्यावर आपण त्याला 'होणे' लावलं. पाऊस झाला, तसा पगार झाला. पाऊस नाही झाला तर दोष कोणाला देणार? पगाराचं तसं नसतं. ठरलेल्या मुदतीत पगार देण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा आपल्या देशात 1936 मध्येच झाला. त्या कायद्याच्या वाक्यात कर्ता होता.

मी मित्राला म्हटलं, "'पगार झाला नाही' नको म्हणू. 'ठेकेदारानं पगार दिला नाही' म्हण."

तो हसला. चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "अर्जात असंच लिहितो मग."