लाइट गेली की संगणक गेला?

घरातला संगणक चालता चालता एकदम बंद पडतो. पडदा काळा होतो, पंख्याची घरघर थांबते. अशा वेळी आपल्याकडे दोन निदानं ठरलेली असत. घरातलं कुणी तरी म्हणायचं, ‘व्हायरस आला.’ आणि दुसऱ्या दिवशी आलेला दुरुस्तीवाला म्हणायचा, ‘काकू, फॉरमॅट मारावं लागेल.’

फॉरमॅट मारणं म्हणजे पाटी स्वच्छ पुसणं. पाटीवर काय लिहिलंय, हे विचारायची पद्धत नव्हती. मला आज ज्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे, तो या दोन वाक्यांमध्ये दडलेला आहे. साधारण १९९८ ते २०१० या काळात ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घरांत जे संगणक अचानक बंद पडले, त्यातल्या बऱ्याच जणांचा आजार भिंतीतल्या प्लगमध्ये, पंख्यावरच्या धुळीत किंवा दहा रुपयांच्या एखाद्या सुट्या भागात होता. शस्त्रक्रिया मात्र स्मृतीवर झाली.

संगणक बंद पडणं हे संगणकाइतकंच जुनं आहे. अमेरिकेतल्या एनिॲक या १९४५-४६ च्या यंत्रात सतरा हजारांहून अधिक व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यातली एखादी जळायची. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला ‘टिफ्रॅक’ही ट्यूबवरच चालायचा. पण त्या यंत्रांच्या उशाशी इंजिनीअर बसलेले असत आणि खोली थंड ठेवलेली असे. तोच संगणक पुढे खोपटच्या एसटी डेपोमागच्या चाळीत आला, तेव्हा त्याच्या उशाशी गोदरेजचं कपाट आणि समोर देव्हारा होता. अगरबत्तीचा धूर, गादीचा कापूस, पावसाळ्यातली ओल हे सगळं त्यानं मुकाट्यानं सोसायचं होतं.

तो घराघरांत आला कशामुळे? एक मोठं कारण म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला आणि सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं. मग पोराला सराव हवा म्हणून वडील पतपेढीतून कर्ज काढायचे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला ‘असेम्बल्ड’ पीसी यायचा. त्यात प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिलेली असत. वीज आत घेणारा एसएमपीएस नावाचा डबा मात्र बिलात शेवटी, कॅबिनेटबरोबर फुकट आल्यासारखा. माझ्या मते निम्मं रामायण तिथूनच सुरू झालं.

हा डबा घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी मवाळ करून आत सोडतो. वीज तुटली तर तो आपल्या पोटातल्या साठ्यावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. एवढ्या वेळात ट्यूबलाइट फक्त एकदा डोळा मिचकावते, आपलं लक्षही जात नाही. संगणक मात्र गेलेला असतो. १८० व्होल्टच्या खाली दाब गेला तरी तेच. मे महिन्यात लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या चाळीत पंखा मंद होतो, शेजारच्या फ्रिजचा काँप्रेसर सुरू होतो, आणि इकडे पोराचा प्रोजेक्ट पडद्यावरून नाहीसा होतो. ‘दिवा चालू होता, मग संगणक कसा बंद पडला?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच असे.

आता त्या काळातली वीज आठवा. दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. विजेची मागणी वाढत राहिली, नवे संच आले नाहीत. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती झाल्या. नावं तीन झाली, वीज तेवढीच राहिली. पुढच्या काही वर्षांत राज्याची तूट चार हजार मेगावॉटच्या पुढे गेली. भारनियमनाची वेळापत्रकं वर्तमानपत्रांत लग्नाच्या मुहूर्तांसारखी छापून येऊ लागली.

मुंबई शहराला टाटा, बेस्ट आणि रिलायन्सची वीज होती. शिवाय राज्याचं ग्रीड कोसळलं तर मुंबईला अलग करून चालू ठेवणारी ‘आयलँडिंग’ यंत्रणा १९८१ पासून उभी होती. ठाण्याचा माणूस दिवसभर मुंबईच्या ऑफिसात न विझणाऱ्या संगणकावर काम करायचा आणि रात्री घरी येऊन मेणबत्ती शोधायचा. त्याचा घरचा संगणक ऑफिसातल्यापेक्षा ‘रद्दी’ आहे, असा घरात समज व्हायचा. दोन्हींत तसा फरक नसायचा.

त्यातही पुन्हा पंगती होत्या. ज्या भागात वीजगळती आणि थकबाकी जास्त, त्या भागाला जास्त तास अंधार, असं सूत्र ठरलं होतं. हिशेब म्हणून ते बरोबरही असेल. पण मुंब्रा-भिवंडीच्या ज्या घरात बिल दर महिन्याला वेळेवर भरलं जाई, त्या घरालाही गल्लीबरोबरच अंधारात बसावं लागे. (भिवंडीचं वीजवितरण २००७ मध्ये आणि मुंब्रा-कळव्याचं २०२० मध्ये खासगी कंपनीकडे गेलं, ती गोष्ट वेगळी.) घरबसल्या डीटीपीचं काम करणाऱ्या बायका अशा गल्ल्यांत खूप होत्या. राबोडी-मुंब्र्यात एकाच संगणकावर ‘श्रीलिपी’त मराठी आणि ‘इनपेज’मध्ये उर्दू लग्नपत्रिका जुळवल्या जात. दुपारी दोनला पत्रिका छापखान्यात द्यायची आहे आणि पावणेदोनला लाइट जाते, तेव्हा दर पाच ओळींनी ‘सेव्ह’ करायची सवय कुठल्याही क्लासशिवाय लागते.

वेळापत्रकातली लाइट एक वेळ परवडे, कारण ती सांगून जायची. खरा घात ‘इमर्जन्सी लोडशेडिंग’ करायचं, आणि लाइट परत येताना दाबाचा जो झटका बसतो तो. मग घरोघरी यूपीएस आले. सहाशे व्हीएचा डबा, पाच-दहा मिनिटांची मुदत. त्याची शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, हे विकणारा सांगत नसे. म्हातारी बॅटरी लाइट असताना हिरवा दिवा दाखवते आणि लाइट जाताक्षणी यूपीएससकट संगणक बंद. घरचे म्हणणार, ‘यूपीएस आहे ना, म्हणजे विजेचा प्रश्न नाही, संगणकच बिघडलाय.’ मग फॉरमॅट. ज्यांनी इन्व्हर्टर घेतला, त्यांची वेगळीच तऱ्हा. पंखा-दिव्यांसाठीचा साधा इन्व्हर्टर मेनवरून बॅटरीवर येताना क्षणभर थांबतो. पंखा तेवढा वेळ आपल्याच गतीत फिरत राहतो, संगणक नव्यानं सुरू होतो. पुढे इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चा छोटा खटका यायला लागला. तो कशासाठी आहे, हे फार थोड्या घरांना माहीत होतं.

दिवे जागेवर आणि संगणक वीस मिनिटांनी बंद, पुन्हा लावला तर पाच मिनिटांत बंद, असं झालं तर गुन्हेगार बहुधा उष्णता. आपल्या सुतारांनी ‘कंप्युटर टेबल’ नावाचं जे फर्निचर घडवलं, त्यात कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद असा कप्पा असे. त्यात ते कॅबिनेट (ज्याला सगळं ठाणं ‘सीपीयू’ म्हणतं) भिंतीला पाठ लावून बसायचं. वरून आईनं विणलेलं आच्छादन. आतला पंखा आपलीच गरम हवा फिरवत राही. प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा काटेरी ठोकळा धुळीनं गोधडीसारखा भरून जाई, त्याखालचा पांढरा लेप सुकून खडू होई. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की यंत्र जळण्यापेक्षा बंद होणं पसंत करतं. हा बिघाड नव्हे, ती आत्मरक्षा आहे. सगळ्या प्रोसेसरांना ही अक्कल आधीपासून नव्हती. २००१ साली काही प्रोसेसरांवरचा ठोकळा काढला की ते क्षणात धूर सोडतात, हे चित्रफितीनं जगाला दाखवलं होतं. उपाय काय? एक दाढीचा ब्रश आणि कप्प्यातून बाहेर काढलेलं कॅबिनेट.

आता त्या दहा रुपयांच्या भागाबद्दल. मदरबोर्डवर छोटी नळकांडी उभी असतात, कपॅसिटर. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर बनलेल्या अनेक बोर्डांवर, विशेषतः तैवानी बनावटीची, अशी नळकांडी बसली की ज्यांच्यातलं रसायनच सदोष होतं. आत वायू धरायचा, डोकं फुगायचं, फुटून तपकिरी चिकट द्रव यायचा. एका जपानी कंपनीचं रसायनाचं सूत्र अर्धवट चोरलं गेलं म्हणून हे झालं, अशी कथा तेव्हा रंगली. ती पूर्ण सिद्ध झाली नाही. मोठमोठ्या कंपन्यांना भुर्दंड पडला, एकट्या डेलनं २००५ मध्ये तीस कोटी डॉलर बाजूला काढले. तिकडच्या ग्राहकाला बोर्ड बदलून मिळाला. आपल्या असेम्बल्ड पीसीला अशी वॉरंटी कुठली? शिवाय दर दहा अंश उष्णतेमागे कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपला मे महिना तर माहीतच आहे. फुगलेली डोकी कव्हर काढून नुसत्या डोळ्यांनी दिसत. कल्याण-डोंबिवलीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे काही जुने कारागीर ती नळकांडी कळतनकळत बदलून द्यायचे. हातात सोल्डरिंग आयर्न धरलेल्या या माणसांनी वाचवलेल्या फायलींची नोंद कुठल्याच इतिहासात नाही.

मग व्हायरस हे सगळं थोतांड होतं का? नाही. २६ एप्रिल १९९९ ला ‘चेर्नोबिल’ व्हायरसनं जगभर यंत्रं निकामी केली, आपल्याकडेही, आणि तेव्हापासून ही धास्ती बसली ती बसलीच. पण खरोखर संगणक बंद पाडणारा व्हायरस आला तो ऑगस्ट २००३ मध्ये. त्याचं नाव ब्लास्टर. इंटरनेट जोडलं की एक खिडकी उघडायची आणि साठपासून उलटे आकडे सुरू. साठ सेकंदांत शटडाऊन. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचं ठिगळ महिनाभर आधीच, जुलैत दिलं होतं. पण टेलिफोनच्या तारेवरून सरपटणाऱ्या इंटरनेटवर ते उतरवून घेईपर्यंत संगणक बंद पडायचा! गंमत म्हणजे ज्यांच्याकडे जुनं विंडोज ९८ होतं, ते सुखरूप राहिले. फटका एक्सपी आणि २००० वाल्यांना. पुढच्याच वर्षी एप्रिलअखेर ‘सॅसर’नं तोच खेळ केला. तो लिहिणारा जर्मनीतला विद्यार्थी नुकताच अठरा वर्षांचा झाला होता.

म्हणजे व्हायरस सांगून, साठ मोजून बंद करायचा. न सांगता, आकडे न दाखवता, फटकन अंधार झाला तर तो वीज, उष्णता किंवा सुटा भाग. हा एवढा भेद लोकांना कुणी सांगितला असता, तर किती तरी वाचलं असतं. कारण विंडोज पुन्हा टाकताना ‘सी’ ड्राइव्ह पुसला जाई, आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ व ‘डेस्कटॉप’ त्याच ड्राइव्हवर असतं. सोसायटीचे हिशेब, मास्तरांच्या नोट्स, आमच्यासारख्यांच्या कविता तिथेच. एखाद्यानं वेळीच फाइल सीडीवर घेतली, तरी ती श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या त्या त्या फाँटात असे. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला, की मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा. युनिकोड रुळायच्या आधीचं बरंच घरगुती मराठी लेखन असं दोनदा मेलं, एकदा पुसलं जाऊन आणि एकदा वाचता न येऊन. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हा दुसरा मृत्यू कधी आला नाही.

ही सगळी जुनी दुखणी झाली असं वाटत असतानाच १२ ऑक्टोबर २०२० उजाडला. टाळेबंदीचा काळ, शाळा आणि ऑफिस दोन्ही घरात. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा दरम्यानच्या उच्चदाब वाहिन्यांवर गडबड झाली आणि ठाणे, कल्याण, नवी मुंबईबरोबर मुंबईसुद्धा अंधारात गेली. १९८१ ची ती आयलँडिंग यंत्रणा या वेळी उपयोगी पडली नाही. लोकल थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. घरातले डेस्कटॉप तत्क्षणी गेले. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर जागे राहिले, पण भिंतीवरची वायफायची डबी विझली.

विंडोज या मृत्यूंची टिपणं ठेवतं, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं. मरताना लिहायला वेळ नसतो, म्हणून ते उठल्यावर लिहितं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘सिस्टीम’ या भागात ६००८ क्रमांकाची नोंद शोधा: मागचं बंद पडणं अनपेक्षित होतं, अमुक तारखेला, अमुक वाजता. विंडोज ७ पासून ‘कर्नल-पॉवर ४१’ अशीही नोंद असते. चार-पाच नोंदींच्या वेळा कागदावर लिहून काढा. लाइट जाण्याच्या वेळांशी जुळतात का? दुपारच्या उकाड्यातच आहेत का? फ्रिज-गिझर लागण्याच्या वेळी आहेत का? दुरुस्तीवाल्याला बोलावलंत तर तो कागद त्याच्या हातात द्या आणि आधी दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसून घ्यायला सांगा, पावसाळ्यात त्यांच्यावर गंज धरतो. तो ‘फॉरमॅट’ म्हणाला, तर फाइलींची प्रत काढून होईपर्यंत त्याला चहा द्या. आणि कव्हर स्वतः उघडणार असाल तर आधी प्लग काढा. एसएमपीएसचा डबा मात्र प्लग काढल्यावरही उघडू नका, त्याच्या पोटात वीज राहिलेली असते.