पुस्तके, फराळ आणि टपाल

पुण्याहून इंदूरला पुस्तक मागवले की कधी कधी कुरिअरचा खर्चच पुस्तकाच्या किमतीला भिडतो. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेली ‘ज्ञान पोस्ट’ इथे उपयोगी पडते. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. म्हणजे ग्रंथालयासाठी जाडजूड गठ्ठाही परवडतो. पार्सल रस्ता-रेल्वेने जाते, तेव्हा घाई नको. ते कुठवर आले हे मोबाइलवर दिसते. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे.

दिवाळी अंकांची मात्र पंचाईत! नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने यात चालत नाहीत. अंक लवकर हवे असतील, किंवा मुलांना फराळ पाठवायचा असेल, तर १९८६ पासूनची स्पीड पोस्ट आहेच. चिवडा तेवढा घट्ट बांधा.