पाहुणा आणि साक्षीदार

गिरणेला पूर आला की आम्ही भडगावकर काठावर उभे राहून पाणी कुठवर चढले ते पाहतो. नदीला काठ असतो, म्हणून तिची मोजदाद सोपी. हेच पाणी पुढे तापीतून अरबी समुद्रास मिळते. तेथे हजार मीटर खोलीवरून वाहणाऱ्या प्रवाहाला काठ कोणता, आणि त्याची नोंद कोणी ठेवायची?

दीर्घकाळ हे काम जहाजांनी केले. १९६५ साली संपलेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे आली. तिच्याच प्रेरणेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली; गोव्यातील दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे. परंतु जहाज हा पाहुणा. तो आला त्या दिवशीचे पाणी पाहतो आणि निघून जातो. ते पाणी नेहमीचे होते की अपवादाचे, हे त्याला कळत नाही.

यावर उपाय म्हणजे तेथेच मुक्काम करणारा साक्षीदार. तळाशी जड वजन, त्याला बांधलेला दोर, दोरावर प्रवाहमापक व तापमापक, आणि दोर ताठ ठेवणारे तरंडे. सुमारे वर्षाने जहाज परतते, ध्वनिसंकेत पाठवते. वजनाजवळची कडी सुटते आणि उपकरणे वर येतात. कडी सुटली नाही, तर वर्षभराची नोंद तळाशीच राहते.

अशी उपकरणे या संस्थेने २००० सालापासून हिंदी महासागरात विषुववृत्तावर ठेवली. तेथील पाणी साधारण पंधरवड्याच्या लयीत उत्तर-दक्षिण हेलकावते, हे त्यांतून दिसले. २००८ ते २०१२ या काळात कन्याकुमारी, कोल्लम, गोवा व मुंबईसमोरच्या उतारावर ध्वनीच्या साहाय्याने प्रवाह मोजले गेले. ऋतुचक्र तर आढळलेच. पण ते दरवर्षी सारखे नव्हते, आणि सर्व किनाऱ्यावर एका तालातही नव्हते. एकाच वर्षाचा साक्षीदार येथे अपुराच पडला असता.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट परिचयाची वाटावी. हरवलेल्या बखरीची दुसरी प्रत कधीतरी एखाद्या वाड्यात सापडते. न मोजलेल्या वर्षाची प्रत मात्र कोठेच नसते. ते पाणी वाहून गेलेले असते.