घाटातली जादा जोडी

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला येते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पुढे वरवंड सोडून पाटस ओलांडले की रोटीचा घाट लागतो. तेथे रथाच्या नेहमीच्या जोडीपुढे आणखी बैलजोड्या जुंपतात, तेव्हा कोठे रथ चढ चढतो. रथ तोच, वजनही तेच; मग जादा बैल कशाला? कारण सपाटीवर बैलांना केवळ चाकांची घासण सोसावी लागते. चढावर रथाच्या वजनाचाही काही वाटा ओढावा लागतो.

रेल्वेनेही हाच मार्ग धरला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. तेथे गाडीला जादा इंजिनांचा रेटा देण्याची रीत आजही चालू आहे. परंतु ज्या वाहनाला एकच लहानसे इंजिन आहे आणि ज्यावर नवरा, बायको व दोन मुले बसलेली आहेत, त्याने घाटात जादा जोडी कोठून आणावी?

ह्या प्रश्नाचे उत्तर आकुर्डीतच लाखो वेळा घडवले गेले. बजाज ऑटोला १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना मिळाला आणि इटलीतील पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर येथे तयार होऊ लागली. १९७१ मध्ये तो करार संपला. १९७२ मध्ये ‘चेतक’ आला. नाव राणा प्रतापाच्या घोड्याचे. अंगी बळ मात्र साधारण साडेसात घोड्यांचे.

येथे दोन शब्दांची फोड केली पाहिजे. इंजिन आपल्या आसाला जो पीळ देते, तो टॉर्क. चेतकाचा टॉर्क जास्तीत जास्त सुमारे ११ न्यूटन-मीटर. म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकाला किलोभर वजन टांगल्यावर जो पीळ बसेल, त्याहून किंचित अधिक. तो मिनिटाला ३,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळे. शक्ती ही वेगळी गोष्ट. किती पीळ आणि किती वेगाने, ह्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. जेम्स वॉटने घोड्याची शक्ती ठरवली, ती मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकी. त्या मापाने ३,५०० फेऱ्यांना चेतकाची शक्ती सव्वापाच अश्वशक्तीच्या जवळपास भरते. पूर्ण साडेसात मिळते ती ५,५०० फेऱ्यांना, टॉर्क थोडा उतरल्यावर.

आता गिअर काय करतो ते पाहू. हिशेबाला सोपे जावे म्हणून टॉर्क १० न्यूटन-मीटर धरू आणि चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर. समजा, पहिल्या गिअरात इंजिनाच्या चौदा फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. मग चाकाशी पीळ चौदा पट होतो आणि रस्त्यावर सुमारे ७० किलोची ओढ मिळते. चौथ्या गिअरात हे प्रमाण पाचास एक असेल, तर ओढ उरते २५ किलो. आता स्कूटर व कुटुंब मिळून ३०० किलो वजन आहे आणि रस्ता बारा फुटांमागे एक फूट चढतो आहे असे माना. नुसत्या चढासाठीच २५ किलोची ओढ हवी! म्हणजे चौथ्या गिअरात सारी ओढ चढानेच खाल्ली. घासण व वारा ह्यांच्यासाठी काही उरलेच नाही. गाडी मंदावणार, इंजिन कण्हणार. दुसरा गिअर टाकला की तीच गाडी मुकाट्याने चढू लागते. ही झाली घाटातली जादा जोडी! मात्र बैलांची जादा जोडी आपली शक्ती बरोबर घेऊन येते. गिअर नवी शक्ती आणत नाही. तो वेग घेतो आणि ओढ देतो. ह्या देवघेवीत फुकट काहीच नाही.

सपाटीवर वेग घेण्याचा न्यायही हाच. ओढीतून अडथळा वजा करावा आणि उरलेल्यास वजनाने भागावे. वेग किती झपाट्याने वाढेल ते कळते. पुष्कळांचा समज असा की टॉर्क जेथे सर्वांत अधिक, तेथेच गिअर बदलावा. इंधन वाचवायचे असेल तर लवकर बदलणे शहाणपणाचे. पण पुढच्या वाहनाला ओलांडून जायचे असेल तर ही घाई नडते. वरच्या गिअरात गेल्यावर इंजिनाचा पीळ किंचित वाढला, तरी चाकाशी होणारी पट त्याहून फार घटते.

कालचक्र मात्र थांबत नाही. २००७ मध्ये आकुर्डीतील वाहननिर्मिती बंद पडली. २०१९ मध्ये विजेवरचा चेतक चाकणला बनू लागला आणि जून २०२२ मध्ये विजेच्या वाहनांचा नवा कारखाना आकुर्डीतच सुरू झाला. त्या पहिल्या विजेच्या चेतकाची शक्ती सुमारे चार किलोवॅट, म्हणजे जुन्याहून कमी. पण टॉर्क १६ न्यूटन-मीटर, आणि तोही जागेवरूनच. पेट्रोलचे इंजिन फार हळू फिरू लागले की बंद पडते, म्हणून त्याला क्लच हवा, गिअर हवेत. मोटरीला ती अडचण नाही. दंतचक्रांचे एकच कायमचे प्रमाण तिला पुरते. सिग्नल सुटताच ती उसळते ती ह्यामुळे. वेग वाढल्यावर मात्र शक्तीची मर्यादा तिलाही चुकत नाही.

मग गिअर कातण्यात, घासण्यात आणि कडक करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या ह्या परिसरातील कारागिरांचे काय? काम घटणार, हे लपवण्यात अर्थ नाही. जेथे चार जोड्या लागत, तेथे थोड्या पुरतील. पण मोटर इंजिनाहून कितीतरी वेगाने फिरते आणि तिचा आवाजही नसतो. दात केसभर चुकला तर त्याची शीळ बसणाऱ्याला ऐकू येते. म्हणून उरलेल्या जोड्यांना हात अधिकच नेमका लागेल. तो हात आकुर्डीने पन्नास-साठ वर्षांत कमावला आहे. कमी वेगाच्या मोबदल्यात जास्त ओढ, हे गिअरचे काम. पण हा बदलाचा घाट त्या माणसांनी एकट्याने चढावा, असे आम्हांस वाटत नाही. तेथे समाजाने खरीखुरी जादा जोडी जुंपली पाहिजे: नव्या कामाच्या शिक्षणाची.