महाविद्यालयीन मानधन आणि एनबीए ड्राफ्टची खोली

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंना 2021 पासून राजरोस पैसे मिळू लागले. त्यामुळे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे एनबीएच्या, वार्षिक ड्राफ्टमध्ये काय बदलले याची ही नोंद. ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंवर पाळीपाळीने हक्क सांगण्याची पद्धत. 30 संघ, दोन फेऱ्या, एकूण 60 निवडी. नियमभंगाच्या शिक्षेपोटी एखाद्या संघाची निवड जप्त झाली तर आकडा खाली येतो. 2023 आणि 2024 मध्ये 58, तर 2025 मध्ये 59 निवडी झाल्या. पहिली दहा-पंधरा नावे संपल्यानंतरही संघांच्या कामाचे खेळाडू किती उरतात, यावरून ड्राफ्टची खोली ठरते. मनू जिनोबिली 1999 मध्ये 57 वा, ड्रेमंड ग्रीन 2012 मध्ये 35 वा आणि निकोला योकिच 2014 मध्ये 41 वा निवडला गेला. ज्या भागातून अशी माणसे निघतात, त्याच भागावर महाविद्यालयीन मानधनाचा परिणाम झाला आहे. माथ्यावर तो जवळपास नाही.

पार्श्वभूमी : महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने विसाव्या शतकात खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळू नये असा नियम कसोशीने पाळला. खेळातून येणारा पैसा मात्र वाढतच होता. मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी 2010 मध्ये झालेला करार 14 वर्षांचा आणि 10.8 अब्ज डॉलरचा होता. प्रशिक्षकांचे पगार दर वर्षी लाखो डॉलरांत गेले. मैदानात उतरणाऱ्या मुलाच्या हाती त्यातले काही पडत नव्हते.

याला पहिला मोठा धक्का एड ओ'बॅनन याने दिला. 1995 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या या खेळाडूने पुढे एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच खेळताना पाहिले. तोच 31 क्रमांक, तोच डावखुरा हात, तेच टक्कल. नाव तेवढे नव्हते आणि पैसेही नव्हते. 2009 मध्ये त्याने खटला भरला आणि 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करू देणारा कायदा केला. 21 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅल्स्टन खटल्यात 9-0 अशा एकमताने एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला. तो खटला शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, तरी न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात या संपूर्ण व्यवस्थेच्या कायदेशीरपणावरच बोट ठेवले. दहाच दिवसांत, 1 जुलै 2021 पासून, एनसीएएने नाव आणि प्रतिमेच्या वापरातून मिळणारी कमाई खुली केली. ही कमाई 'एनआयएल' या नावाने ओळखली जाते.

सुरुवातीला जाहिराती आणि देणगीदारांचे गट एवढेच मार्ग होते. 6 जून 2025 रोजी न्या. विल्केन यांनीच हाउस खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तडजोडीत माजी खेळाडूंना सुमारे 2.8 अब्ज डॉलरची भरपाई ठरली. शिवाय 1 जुलै 2025 पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठासाठी मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची होती. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलकडे जातो, पण बास्केटबॉल संघात माणसेच थोडी असल्याने एकेकाच्या वाट्याला येणारी रक्कम मोठी असते. त्यात ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या व्यवस्थेची, भर पडली. 2021 पासून एकदा आणि 2024 पासून कितीही वेळा विद्यापीठ बदलले तरी एक हंगाम बाहेर बसावे लागत नाही. त्यामुळे खेळाडूला दर वसंतात नव्याने भाव ठरवून घेता येतो.

पैशांचा हिशेब : एनबीएमध्ये पहिल्या फेरीतल्या निवडीला ठरलेल्या श्रेणीनुसार पगार आणि पहिल्या दोन वर्षांची हमी असते. 2025 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या कूपर फ्लॅग याचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलर होता. तिसाव्या क्रमांकालाही 20 लाख डॉलरहून अधिक मिळतात. एकतिसाव्या क्रमांकापासून चित्र बदलते, कारण दुसऱ्या फेरीत हमीचा करार मिळेलच असे नाही. अनेकांच्या हाती 'टू-वे' करार पडतो. हा खेळाडू मुख्य संघ आणि जी लीग या विकास-लीगमध्ये ये-जा करतो, आणि एनबीएचे जास्तीत जास्त 50 सामने त्याच्या वाट्याला येतात. 2025-26 मध्ये त्याचा पगार सुमारे 6 लाख 36 हजार डॉलर होता. तोही करार मिळाला नाही तर उरते जी लीग, आणि तिथले मानधन चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलरांच्या घरात आहे.

2021 पूर्वी चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास अपेक्षित असलेल्या विशीतल्या मुलापुढे ही जी लीग एका बाजूला आणि शून्य पगार दुसऱ्या बाजूला असे. आता मोठे विद्यापीठ त्याला टू-वे कराराहून अधिक, क्वचित पहिल्या फेरीच्या तळाइतके पैसे देऊ शकते. सोबत त्याला भरपूर खेळायला मिळते, सामने दूरचित्रवाणीवर दिसतात, पदवीचे शिक्षण सुरू राहते आणि पुढच्या वर्षी वरच्या क्रमांकावर जाण्याची संधीही उरते.

निर्णयाचा महिना : हा सगळा हिशेब मे महिन्यात पुढ्यात येतो. शिकागोत ड्राफ्ट कम्बाइन भरतो. बूट काढून उंची मोजतात, हात फैलावून बोटांच्या टोकांमधले अंतर घेतात, उभ्याने आणि धावत मारलेली उडी नोंदवतात, मग पाच विरुद्ध पाच सामने होतात. 2016 मधल्या नियमबदलामुळे खेळाडूला हे सारे करून, संघांची मते ऐकून, पुन्हा महाविद्यालयात परतता येते. कम्बाइननंतर माघारीसाठी एनसीएए साधारण दहा दिवस देते. 2025 मध्ये ही मुदत 28 मे होती आणि ड्राफ्ट 25-26 जूनला. ज्याला पहिल्या फेरीची खात्री मिळत नाही, तो या दहा दिवसांत एका बाजूने संघांचा अंदाज घेतो आणि दुसऱ्या बाजूने विद्यापीठाशी रकमेची बोलणी करतो. 2025 मध्ये बर्मिंगहॅमच्या यूएबीकडून खेळणारा यॅक्सेल लेंडेबर्ग पहिल्या फेरीच्या शेवटाच्या आसपास धरला जात होता. त्याने माघार घेतली आणि मिशिगन विद्यापीठ गाठले. आधीच्या पिढीत असा खेळाडू डोळे मिटून ड्राफ्टमध्ये राहिला असता.

आकडे आणि त्यांचे वाचन : मुदतीआधी, म्हणजे महाविद्यालयाची वर्षे पुरी न करता, ड्राफ्टसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या 2021 मध्ये साडेतीनशेहून अधिक होती. 2024 पर्यंत ती सुमारे 200 वर आली आणि 2025 मध्ये 106 झाली. हा आकडा दहा वर्षांतला सर्वात कमी होता.

ही सारी घसरण मानधनाच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. कोविडमुळे 2020-21 च्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले होते. एरवी आपोआप पात्र ठरणाऱ्या चौथ्या वर्षाच्या खेळाडूंनाही त्या वसंतात अर्ज करावा लागला, आणि 2021 चा आकडा त्यामुळे फुगला. पुढची तीन-चार वर्षे तेवीस-चोविशीतले खेळाडू महाविद्यालयात दिसले, त्यालाही हेच जादा वर्ष कारणीभूत होते. पैसा आणि जादा वर्ष एकाच वेळी आल्याने दोहोंचा वाटा अचूक वेगळा करता येत नाही. मात्र 2025 च्या सुमारास जादा वर्षवाल्यांची पिढी संपत आली तरी संख्या वाढली नाही, उलट सर्वात जोरात घसरली. ही घसरण पैशाची आहे, असे मानायला इथे भक्कम आधार मिळतो.

माथ्यावर परिणाम का नाही, हे 2025 च्या यादीतच दिसते. फ्लॅग, डिलन हार्पर, व्ही. जे. एजकोम, कॉन नूपल, एस बेली, ट्रे जॉन्सन, जेरेमाया फिअर्स आणि येगोर दयोमिन हे पहिले आठही खेळाडू महाविद्यालयात एकच वर्ष काढून आलेले होते. वरच्या क्रमांकांचा पगार कोणतेही विद्यापीठ गाठू शकत नाही, आणि एक वर्ष लवकर गेलेला खेळाडू पुढच्या मोठ्या करारालाही एक वर्ष लवकर पोहोचतो.

थांबल्याचे फायदे-तोटे : परतलेला खेळाडू ड्राफ्टमधून कायमचा जात नाही, तो एक-दोन वर्षांनी, थोडा प्रौढ होऊन येतो. पर्ड्यू विद्यापीठाचा 7 फूट 4 इंच उंचीचा कॅनडियन झॅक ईडी हे थांबण्याचे फळ मिळाल्याचे ठळक उदाहरण. 2023 मध्ये तो देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला, पण एनबीएत त्याची संथ चाल चालेल का याविषयी शंका होती. तो परतला, पुन्हा सर्वोत्तम ठरला, पर्ड्यूला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि 2024 मध्ये मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. उलट केंटकीचा ऑस्कर शिब्वे 2022 मध्ये देशात सर्वोत्तम ठरूनही थांबला आणि 2023 मध्ये त्याला कोणीच निवडले नाही. नॉर्थ कॅरोलिनाचा आर्मांडो बेकॉट पाच हंगाम खेळून 2024 मध्ये असाच यादीबाहेर राहिला. वय वाढले की संघ त्या खेळाडूत वाढीला जागा कमी पाहतात. हे कठोर आहे, पण बाजार तसाच चालतो.

शिब्वेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. तो काँगोचा, विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आलेला. अशा व्हिसावर देशात काम करून कमाई करता येत नाही, म्हणून 2022 च्या उन्हाळ्यात केंटकीचा संघ बहामाजच्या दौऱ्यावर गेला तेव्हा, अमेरिकेबाहेर असतानाच, त्याने आपले जाहिरातींचे काम उरकले. भारतातून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत खेळायला जाणाऱ्या मुलामुलींपुढेही हाच अडथळा उभा राहतो. सहकाऱ्याला मिळते ते केवळ व्हिसाच्या शिक्क्यामुळे त्यांना मिळू नये, हा अन्याय अजून दूर झालेला नाही.

संघांच्या दृष्टीने दुसऱ्या फेरीच्या निवडी नेहमीच चिल्लरीसारख्या व्यवहारात वापरल्या गेल्या. आता तिथे वीस वर्षांचा कच्चा पण उमदा खेळाडू कमी मिळतो. बावीस-तेवीस वर्षांचा तयार खेळाडू जास्त मिळतो. तयार खेळाडू वाईट असतो असे मुळीच नाही. जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हात तीन वर्षे काढून 2018 मध्ये 33 वा निवडला गेला आणि पुढे न्यूयॉर्क निक्सचा आधारस्तंभ झाला. पण एखाद्या वर्षी एकदम अनेकजण माघारी गेले की त्या वर्षीचा ड्राफ्ट उथळ होतो आणि पुढचे एक-दोन दाट होतात.

ड्राफ्ट उथळ झाल्याची तक्रार ऐकताना जुनी खोली कशाची होती हे विसरता कामा नये. तिचा काही भाग गरजेतून आलेला होता. घरभाडे, आईचे आजारपण, लहान भावंडांची शाळा यांसाठी मुले तयारी होण्याआधी नाव देत, शेवटच्या क्रमांकांत घसरत किंवा निवडलीच जात नसत, आणि परतीची दारे बंद झालेली असत. संघांना त्या भागात स्वस्तात हिरे सापडत हे खरे. पण एकेका हिऱ्यामागे किती जणांची कारकीर्द विशीतच आटोपली, याचा हिशेब कुठल्याच संघाने ठेवला नाही. दुसऱ्या फेरीत निवड होणे म्हणजे एनबीएत खेळणे नव्हे, हे भारतीय वाचकाला सतनाम सिंग याच्यामुळे ठाऊक आहे. 2015 मध्ये डॅलसने त्याला 52 व्या क्रमांकावर घेतले, भारतात जन्मलेला तो पहिलाच निवडलेला खेळाडू ठरला, पण एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही.

इतर वाटा : महाविद्यालयाला पर्याय म्हणून एनबीएने 2020 मध्ये जी लीग इग्नाइट हा पगारी संघ काढला होता. जेलन ग्रीन 2021 मध्ये दुसऱ्या आणि स्कूट हेंडरसन 2023 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर तिथूनच निवडले गेले. महाविद्यालयेच पैसे देऊ लागल्यावर त्या संघाचे प्रयोजन उरले नाही आणि 2023-24 च्या हंगामानंतर तो बंद झाला. युरोपातले तरुणही आता अमेरिकन विद्यापीठांकडे वळत आहेत. वर उल्लेख केलेला दयोमिन रियल माद्रिदच्या युवा संघातून ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आला होता. पूर्वी परदेशी व्यावसायिक म्हणून ड्राफ्टमध्ये उतरणारे महाविद्यालयमार्गे येऊ लागल्याने यादीच्या शेवटच्या भागाचा तो स्रोतही आटत चालला आहे.

महिलांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये हा परिणाम माथ्यापर्यंत पोहोचला. 2024 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या केटलिन क्लार्कचा मूळ पगार अवघा 76,535 डॉलर होता; महाविद्यालयातली तिची जाहिरातींची कमाई त्याच्या कितीतरी पट होती. 2025 मध्ये अगदी वरच्या क्रमांकावर जाण्याची अपेक्षा असलेली ऑलिव्हिया माइल्स ड्राफ्टला न बसता नोत्र दाम सोडून टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात गेली. पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये तिच्या तोडीचा खेळाडू असे करणार नाही.

उलटा प्रवाहही सुरू झाला आहे. 2023 मध्ये 31 व्या क्रमांकावर निवडलेला नायजेरियाचा जेम्स नाजी एनबीएत एकही सामना खेळला नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये तो बेलर विद्यापीठाच्या संघात दाखल झाला आणि एनसीएएने त्याला पात्र ठरवले. प्रशिक्षकांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी जाहीर केले की, एनबीएच्या करारावर, टू-वे असला तरी, सही केलेल्या कोणालाही महाविद्यालयात खेळू दिले जाणार नाही. नाजीने तशी सही केलेली नव्हती.